मधल्या काट्याचं मिनिट

संगमनेर,
उन्हाळा, १९७३

प्रिय वसंता,

तुझं चंद्रावरचं घड्याळ आज माझ्या टेबलावर उघडं पडलंय, म्हणून लिहितोय. नाहीतर गेलेल्या माणसाला पत्र लिहिणारा मी नव्हे. तू असताना तरी कधी चार ओळी लिहिल्या होत्या तुला? तुझी शाळा आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक भजीवाला. पत्राची गरज होती कुठे!

सकाळी सुशीलावहिनी आल्या होत्या. तू गेल्यावर पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढल्या. पदराआडून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"शंकरभावजी, येवढं तेलपानी करून द्या. उद्या दवाखान्यात द्यायचं हाय."

मी विचारलं, दवाखान्यात कशाला?

"नर्सबाईंकडं सेकंदकाट्याचं घड्याळच न्हाई वो. दुष्काळी कामावर उन्हानं पडलेली मान्सं रोज आनत्यात, बाई नुसतं मनगट धरून बसती. मास्तरांच्या घड्याळानं मोजल्या तर लोकांच्या नाड्या खऱ्या तरी कळतील."

पुरचुंडीत घड्याळाबरोबर तुझ्या नाडीची वहीसुद्धा होती. नर्सबाईंना नमुना म्हणून दाखवायची म्हणे, रोज असं लिहायचं. वहिनींना अंक तूच शिकवलेस ना लग्नानंतर? वहीत त्यांच्या हातचे किती टापटीप अंक आहेत रे!

नाड्या खऱ्या कळतील. मी मान हलवली. त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि बसून राहिलो.

आता तुला सगळं पहिल्यापासून सांगतो. निम्मं तुला ठाऊक आहे, निम्मं नाही. जे ठाऊक नाही ते ऐकताना मध्ये बोलू नकोस. तुला मास्तरकीची खोड आहे, वाक्य पुरं होण्याआधी चूक काढायची.

तुझ्या वेडाची सुरुवात त्या रशियन घड्याळापासून झाली. ओझरला विमानांच्या कारखान्यासाठी आलेले रशियन लोक राहायचे, तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरनं ते माझ्याकडे दुरुस्तीला आणलं. तू सहज बसला होतास. मी म्हणालो, वसंता, अंतराळात पहिल्यांदा गेलेला माणूस असल्याच कारखान्याचं घड्याळ घालून गेला होता म्हणतात. झालं! त्या ड्रायव्हरच्या मागे लागून लागून, स्वतःचं बरं चाललेलं घड्याळ त्याला देऊन, तू ते घेतलंस. घरी जाताना दर दहा पावलांवर थांबून कानाला लावत होतास. मी पायरीवरून बघत होतो आणि हसत होतो.

मग ते चोवीस तासांच्या तबकडीचं. वर अंतराळात दिवस-रात्र कळत नाही, म्हणून तिथल्या लोकांसाठी केलेल्या घड्याळाचा चुलतभाऊ, असं तू म्हणायचास. त्याच्यावर दुपारचे बारा म्हणजे काटा तळाला. तुझा घोटाळा व्हायचा तो झालाच. एकदा मधल्या सुट्टीची घंटा तू तासभर आधी द्यायला लावलीस आणि हेडमास्तर काठी घेऊन अंगणात आले! आठवतं? त्यानंतर कितीतरी दिवस भजीवाला तुला विचारायचा, "मास्तर, वरच्या घड्याळात किती वाजले?"

अशी सहा जमली. कंपासपेटीच्या लाकडी खोक्यात वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरून तू ती ठेवलीस. रोज सकाळी आंघोळीनंतर ओळीनं सहाही घड्याळांना चावी. वहिनी म्हणायच्या, "लोकं देव पुसत्यात, आमचे हे घड्याळं पुसत्यात." पण त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. तिसगावच्या रानातून आलेली ती बाई, तिला त्या सहाही घड्याळांची कुळकथा पाठ होती.

सातवं मात्र तुला मिळणार नव्हतं. माणूस चंद्रावर उतरला, आणि त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचा फोटो तुला एका इंग्रजी मासिकात सापडला. काळी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, कडेला दोन बटणं. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. तो फोटो तू कापून पाकिटात ठेवलास. वहिनींचा नव्हता रे तुझ्या पाकिटात फोटो! मी चिडवलं तर म्हणालास, "ती रोज दिसते. हे कुठं दिसणार?"

दिसणार नव्हतंच. संगमनेरात कुठून येणार ते? मुंबईतसुद्धा चोरवाटेनं आलेलं एखादं.

आणि मग मी ते तुला आणून दिलं.

वसंता, ते चंद्रावरच्या घड्याळाचं भावंड नव्हतं. ते मी केलं होतं.

नगरच्या छावणीतले एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे लढाईच्या काळातलं एक बटणांचं घड्याळ टाकून गेले होते. वेगळ्याच कंपनीचं. "यात जीव नाही, तुमच्याकडेच ठेवा," म्हणाले होते. तीन छोट्या तबकड्या होत्या, दोन बटणं होती. तुझ्या पाकिटातला फोटो मी दोन दिवसांसाठी मागून घेतला होता, आठवतं? मालूला दाखवायचा म्हणून. माझ्या मुलीला त्यातलं काही कळत नव्हतं. मी तबकडी घासली, काळी केली, आणि एका केसाच्या कुंचल्यानं पांढऱ्या रंगात फोटोतल्या कंपनीचं नाव काढलं. डोळ्याला भिंग लावून सहा दिवस. आयुष्यात एवढं सुबक काम मी दुसरं केलं नाही.

का केलं? तुझ्यावरच्या मायेनं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला मिरवायचं होतं. या गावात दिवसभर पट्टे बदलणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे, ते मला एकदा स्वतःला दाखवायचं होतं. आणि गंमत करायची होती. दोन दिवस मास्तरांना मिरवू द्यावं, मग भजी खाता खाता सगळ्यांदेखत सांगावं, काय मास्तर, ओळखलंत का? असा बेत होता!

मुंबईच्या जहाजावरच्या माणसाकडून आलंय, असं मी सांगितलं. तू ते आधी कानाला लावलंस. बटण दाबलंस, काटा सुटला आणि तुझे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी तू ते शाळेत नेलंस. चार वर्गांतल्या पोरींनी आणि पोरांनी ओळीनं ते हातात धरून पाहिलं. परत आलास तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "शंकऱ्या, आज एका पोरीनं ते कपाळाला लावलं रे."

आता तूच सांग, त्यानंतर मी कसं सांगणार होतो?

मोबदला घे म्हणून मागे लागलास. मी म्हटलं, काही नको, मालूला गणित शिकव. दोन वर्षं रोज संध्याकाळी तू येत राहिलास. मालू मॅट्रिक झाली ती तुझ्यामुळे. खोट्या तबकडीच्या बदल्यात तू मला खरं काहीतरी देत होतास आणि मी चहा पाजत होतो. बास, एवढंच करत होतो मी.

पण वसंता, तबकडीचं खोटेपण हे काहीच नाही. त्याच्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो. त्यावर तू दोन दिवस अबोला धरला असतास आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला हसून सांगितलं असतंस.

सुभेदारांच्या घड्याळात जीव नव्हता तो एका चाकात नव्हता. वेळ दाखवणारं यंत्र मी पुरतं बरं केलं होतं, ते दिवसाला मिनिटभरही चुकत नव्हतं. पण बटण दाबल्यावर मधल्या काट्याला फिरवणारं जे चाक असतं, त्याचे दाते झिजले होते. काटा मध्येच घसरायचा. घसरून पुन्हा पकडायचा. नुसतं बघणाऱ्याला कळायचं नाही. मी तेव्हा मोजलं होतं, मिनिटाला तीन-चार सेकंद मागे पडायचा. तसलं चाक मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे. ते बटण शोभेचं आहे. मास्तर त्याच्यावर काय मोजणार आहे?

मला ठाऊक होतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मला ठाऊक होतं.

मग ती बातमी आली. चंद्राकडे निघालेलं यान वाटेत बिघडलं, आणि परत येताना इंजिन किती सेकंद चालवायचं ते त्या तिघांनी मनगटावरच्या घड्याळावर मोजलं. तू पेपर घेऊन रस्ता ओलांडून पळत आलास. सायकलवाला शिव्या देत होता आणि तुझं लक्षच नव्हतं! "वीज गेली, यंत्रं गेली, पण चावीचं घड्याळ गेलं नाही!" आठवडाभर सगळ्या गावाला तू हेच सांगत होतास.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं तू वर्गात खडू हातात धरून पडलास. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके फार सावकाश पडतात. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. चाळीसच्या खाली गेली तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, मुंबई गाठायची. तिथे छातीत यंत्र बसवतात.

तू दुकानात आलास आणि ऐटीत सांगितलंस, "डॉक्टरांनी विचारलं, मोजायला नीट घड्याळ आहे ना? मी मनगट पुढं केलं. बघतच राहिले!"

मी म्हणालो, "नाडीला ते कशाला? त्याच्यातच खाली छोटा सेकंदकाटा आहे, त्यावर बघ. नाहीतर माझं हे भिंतीवरचं घेऊन जा."

"छोटा काटा चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि शंकऱ्या, तीन माणसं याच्या भरवशावर चंद्राकडून घरी आली. मला तर फक्त अंथरुणातून उठायचंय!"

मी हसलो, वसंता.

तो छोटा काटा अगदी बरोबर चालत होता. त्याच तबकडीवर, बोटभर खाली. मी एवढं म्हणायला हवं होतं, बटण दाबू नकोस, त्यातलं चाक वाईट आहे. मग तू विचारलं असतंस, चंद्रावरच्या घड्याळाचं चाक वाईट कसं? आणि मला सगळंच सांगावं लागलं असतं. तीन-चार सेकंदांनी काय होतंय, असं म्हणून मी तुला चहा सांगितला. तू कप उचललास तेव्हा मनगटावरचं ते घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी भजीवाल्याकडे बघत बसलो.

दोनदा तरी मी ते तुझ्याकडून सफाईला मागितलं. तू दिलं नाहीस. "चालू यंत्राला हात लावायचा नाही, तुझंच वाक्य आहे," म्हणालास. तू द्यावंस म्हणून मी हट्ट तरी कुठे धरला?

माघ संपता संपता तू गेलास. शाळेला निघताना तुला पायरीवर बसावंसं वाटलं. वहिनींकडे पाणी मागितलंस. त्या तांब्या घेऊन आल्या तेव्हा तू भिंतीला टेकला होतास, आणि घड्याळ चालू होतं.

दहाव्याला पुणतांब्याला गेलो, तुझ्या गावी. गोदावरीत पाणी म्हणून काही नव्हतं, वाळूत खड्डा करून घागरभर काढलं. तुझ्या थोरल्या भावानं पिंड ठेवला. कावळा येईना. एक लांब बाभळीवर बसून होता, तोही उडून गेला. कुणीतरी म्हणालं, कावळे सगळे सडकेच्या कामावर, तिथं खायला सुकडी वाटतात. माणसंही तिथंच आणि कावळेही!

सगळे एकेक करून तुला शब्द देऊ लागले. भाऊ म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. हेडमास्तर म्हणाले, वर्गाला तुझं नाव देऊ. शेवटी वहिनी पुढे झाल्या. "तुमचा जीव घड्याळात गुतलाय व्हय? मी ते पेटीत पडू देनार न्हाई. लोकांच्या उपेगी पाडीन." तरी आला नाही.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते बोललो असतो तर कावळा आला असता, असं मी मानत नाही. तू तर असल्या गोष्टींना हसायचास. पण मी ओठ आवळून उभा राहिलो, आणि ऊन चढल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. गवताच्या काड्यांचा. खऱ्याच्या जागी केलेला. सगळ्यांनी सुटल्यासारखे हात जोडले. मी काही हात जोडले नाहीत. असली कामं कशी होतात ते मला माहीत होतं.

आज दुपारी मी तुझं घड्याळ उघडलं. दुकानातल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी मधला काटा दहा वेळा ताडून पाहिला. आता तो तीन-चार सेकंद मागे पडत नाही. त्याचं एक मिनिट म्हणजे आपली अडुसष्ट सेकंद. कधी एक कमी, कधी एक जास्त. रोज सकाळी तू बटण दाबायचास, दाते आणखी झिजायचे.

मग वही उघडली. शेवटच्या पानावर त्रेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. एकही चाळीसच्या खाली नाही. पण ते ठोके मिनिटातले नाहीत रे! ते अडुसष्ट सेकंदांतले आहेत. मालूला तू शिकवलेलं त्रैराशिक मी तिच्याकडून शिकलो होतो. मांडून पाहिलं. तू गेलास त्याच्या अकरा दिवस आधीच्या सकाळी वहिनींनी पंचेचाळीस लिहिलेत. ते चाळीसच्या खाली येतात. थोडेसेच, पण खाली.

अकरा दिवस! मुंबईला जायला एक दिवस पुरतो.

तेव्हाही काटा एवढाच घसरत होता, की पेटीत पडून तेल सुकलं म्हणून आता वाढलं? मुंबईला गेला असतास तर वाचला असतास? ते यंत्र तुला मिळालं असतं? मी स्वतःला हे विचारून पाहिलं. एकाचंही उत्तर मिळणार नाही, वसंता, कधीच नाही. उरलेलं सगळं आयुष्य मला हे माहीत नसणार आहे.

खोटं कशाला बोलू, तासभर माझ्या मनात दुसराच विचार होता. बटणाचं चाकच काढून टाकायचं. नर्सबाई छोट्या काट्यावर मोजतील, तो खरा आहे. कुणाचं नुकसान नाही, कुणाला कळणार नाही. वही परत द्यायची. हात त्या स्क्रूपर्यंत गेलाही होता.

पण सकाळी निघताना वहिनी दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "नाडी तर शेवटपत्तूर चांगली हुती, भावजी. मोजन्यात कसूर न्हाई झाली. मग माझाच पान्याला उशीर नडला, दुसरं काय? घागर रिकामी हुती, शेजारनं आनायला गेल्ते."

तांब्याभर पाण्याच्या उशिरानं तू गेलास, असं ती बाई धरून बसलीय! एवढे दिवस. या दुष्काळात घागर रिकामी असणं हा काय तिचा गुन्हा? आणि मी सकाळी तिला "तसं काही नसतं वहिनी" म्हणून वाटेला लावलं. तसं काही नसतं हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला ठाऊक आहे?

तुझा मला राग येतो कधीकधी. एवढा हुशार मास्तर, दुसऱ्या घड्याळाशी एकदा तरी ताडून पाहायचं होतंस! पेटीत सहा खरी घड्याळं होती. पण तू कशाला ताडून बघशील? ते मी दिलं होतं.

माझ्या हातातल्या कसबाला आता काही अर्थ राहिलेला नाही. गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावलं की मला ठोके ऐकू येतात आणि मी मोजू लागतो. झोप नाही, जेवण नाही. मालू विचारते, बाबा, काय झालं? तिच्याशी तुझ्याविषयी बोलताही येत नाही.

आता शब्द देतो. पुणतांब्याला द्यायचा राहिला तो.

उद्या सकाळी मी वहिनींकडे जाईन. घड्याळाचं झाकण लावून नेणार नाही, असंच उघडं नेईन, ते चाक वेगळं काढून कागदावर. नर्सबाईंना माझ्या भिंतीवरचं मोठं घड्याळ देईन, ते चुकत नाही. वहिनींना सुभेदारांपासून सगळं सांगेन. त्या माफ करतील असं मला वाटत नाही, आणि तू त्यांना तसं सुचवूही नकोस. पण पाण्याला उशीर झाला नव्हता, हे त्यांना माझ्या तोंडून कळेल.

वहीत शेवटच्या अकरा दिवसांच्या आकड्यांसमोर अडुसष्ट सेकंदांच्या हिशेबानं येणारे आकडे मी आज पेन्सिलीनं लिहून ठेवलेत. उद्या वहिनींसमोर बसून ते शाईनं लिहीन.

तुझा,
शंकऱ्या